सोडणाऱ्यांचं बाकडं

दवाखान्यात नोकरी केली की दोन गोष्टी साठत जातात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या आम्ही गरम पाण्यानं धुऊन पुन्हा भरायचो. किश्शांचं काय करायचं? ते कुणाला तरी सांगावेच लागतात, नाहीतर पोटात फसफसत राहतात! तुमचं पान लावून होईपर्यंत चार-सहा ऐका.

मी ठाण्याच्या धर्मार्थ दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमचे डॉक्टर भास्करराव. त्या काळी लोक यायचे ते हिवताप घेऊन, नाहीतर खरूज घेऊन. दारू हा रोग आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. भास्कररावांना वाटायचं. त्यांचे थोरले भाऊ त्यातच गेलेले. ते म्हणायचे, "हिवताप आलेल्याला आपण शिव्या देतो का? मग याला का देतो?"

त्यांनी ओसरीवर एक सागवानी बाकडं टाकलं आणि गावात सांगून ठेवलं, की दारू, अफू, गांजा, ज्याला जे सोडायचं असेल त्यानं रोज सकाळी इथं येऊन बसावं. औषध मिळेल. भाषण मिळणार नाही!

पहिले आठ दिवस त्या बाकड्यावर फक्त एक मांजर येऊन बसायचं.

"याला काय सोडायचंय?" मी विचारलं.

"दूध," डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

*

मांजरानंतर आले ते हवालदार. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, मिशा अजून कडक, पण माणूस अफूनं पार वाळून गेलेला. बोटातली अंगठी निसटू नये म्हणून तिला दोरा गुंडाळलेला.

"एकदम सोडली तर मरीन," हवालदार म्हणाले. "लढाईत मेलो नाही, आता ओसरीवर मरायचं नाही मला."

डॉक्टर म्हणाले, "एकदम कोण सोडायला सांगतंय?" त्यांनी मला अफूच्या गोळ्या वळायला सांगितल्या. दर चार दिवसांनी अफू थोडी कमी, गोळी थोडी लहान. ही गोष्ट हवालदारांना सांगायची नाही.

महिन्याभरात हवालदारांनी पकडलं. तळहातावर गोळी ठेवून गरजले, "कंपाउंडर! ही लहान झालीय!"

डॉक्टर आतून म्हणाले, "गोळी तेवढीच आहे हवालदार. तुमचा हात जाड झालाय."

हवालदारांनी हात डोळ्यांजवळ नेला. उलटा केला, सुलटा केला. अंगठीचा दोरा कधीचा काढून टाकलेला, अंगठी बोटात घट्ट बसलेली. "खरंच की हो!" ते म्हणाले आणि खुशीत घरी गेले. भूक लागायला लागली होती, घरी तूप-भात चालू झाला होता. हात जाड झाला होता, हे काही खोटं नव्हतं!

पुढे डॉक्टरांनी गोळी पुन्हा मोठी करायला लावली, पण आत अफू शून्य. कणीक आणि कडूपणाला काडेचिराईत, बस्स. पंधरा दिवसांनी एका सकाळी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून खरं सांगितलं. मला वाटलं, हवालदार आता माझी मान धरणार, नाहीतर सरळ अफूच्या दुकानात जाणार!

हवालदारांनी मिशीला पीळ दिला. मग माझ्याकडे वळले.

"कणीक कुठल्या गव्हाची?"

"आमच्या घरच्याच."

"मग उद्यापासून तुझ्याकडे जेवायलाच येतो. गोळ्या कशाला वळत बसतोस?"

*

हवालदारांचा चेहरा पाहून चेंदणी कोळीवाड्यातली हिरूबाई नवऱ्याला घेऊन आली. घेऊन आली म्हणजे दंडाला धरून. नवरा पोशा नाखवा, स्वतःची होडी असलेला, खाडीत भल्याभल्यांना न जुमानणारा. पण सकाळी हात असे थरथरायचे की जाळ्याची गाठ मारता यायची नाही. गाठ हिरूबाई मारायची.

"सायब, याला दर्यान नय भीती," ती म्हणाली. "मना भीती हाय. एक दिस होरी येल परत, ह्यो नय येनार."

पोशा खाली बघत होता. हळूच म्हणाला, "माजी पोर माज्यासंगं होरीन बसत नय आता. घाबरते."

डॉक्टरांनी त्याला लाल, कडू मिक्श्चर दिलं. त्यातली गंमत अशी, की हे पोटात असताना वर दारू घेतली तर माणूस आतड्यांसकट ओकतो. पोशाला ते नीट समजावलं. पोशानं बाटली घरी नेली. पण अख्ख्या गल्लीला उत्सुकता! डॉक्टरचं लाल औषध, म्हणजे विलायती मालच असणार. पोशा मासळी उतरवायला गेलेला असताना पाच-सहा जणांनी एकेक घोट घेतला. चव कडू, कडू म्हणजे जोरदार! आणि सगळे जण तसेच गुत्त्यावर गेले.

त्या दिवशी गुत्त्यासमोर जे झालं त्याचं वर्णन पान खाताना नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकड्यावर सहा नवे पाहुणे, पांढरेफटक. एकजण क्षीण आवाजात म्हणाला, "सायब, आमी दारू सोरली. आमाला औषध नको!"

*

हे कळल्यावर गुत्तेवाले शेट स्वतः दवाखान्यात हजर. डोक्यावर पगडी, कपाळावर आठी. आम्हाला वाटलं, आता भांडण. बाकड्यावरचे सगळे सवयीनं उठून उभे राहिले. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, शेट दिसले की उभं राहायचं!

शेट आत गेले, दार लोटून घेतलं, आणि डॉक्टरांना म्हणाले, "मला पण द्या."

दिवसभर दुकानात बसून, चव बघता बघता, शेट स्वतःच अडकलेले. सांगणार कुणाला? गुत्तेवाल्याला दारू चढते म्हटल्यावर लोक हसणार.

लोक हसले नाहीत. त्यांनी सरकून जागा दिली. शेट रोज यायला लागले, पण तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आले. "तुमचं बरं आहे हो. तुम्ही सोडून घरी जाता. मी सोडून दुकानात जातो! वासानंच जीव जातो माझा."

पोशा म्हणाला, "शेट, दुकान बंद करा."

शेट उसळून म्हणाले, "तुम्ही सगळे असेच इथं बसत राहिलात तर करावंच लागणार आहे!"

आणि खरंच पुढच्या वर्षी त्यांनी तिथं घोंगड्यांचं दुकान घातलं.

*

हा किस्सा अगदी छोटा आहे. आमच्या डॉक्टरांना तपकिरीची सवय. दर पाच मिनिटांनी चिमूट नाकात. एकदा ते पोशाला समजावत होते, "मनात आणलं तर माणूस काहीही सोडू शकतो," आणि सोबत चिमूट!

हवालदार बाकड्यावरून म्हणाले, "डॉक्टर, वळून देऊ का गोळ्या?"

डॉक्टरांनी डबी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "लपवून ठेव." दुपारी ते माझ्या टेबलाचे खण उघडून बघताना सापडले!

*

कळव्याच्या मिठागरात काम करणारा गोमा पाटील होता. दारूपायी त्याची बायको माहेरी निघून गेली, ती कल्याणपलीकडच्या एका गावात. सासरा म्हणाला, "तू सोडलीस हे मी कशावरून मानू?"

गोमा डॉक्टरांकडे आला. "सायब, सरकारी शिक्क्याचा कागद द्या. सोडल्याचा."

डॉक्टर म्हणाले, "दोन महिने येत राहा, मग देतो." गोमा रोज खाडी ओलांडून आला. भरती असो, ताप असो. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी सुवाच्य अक्षरात दाखला लिहिला. सदर इसमाने दारू सोडली असून त्याची प्रकृती ठीक आहे. खाली दवाखान्याचा शिक्का.

गोमा नवं धोतर नेसून सासुरवाडीला गेला. कागद दिला. सासऱ्याला वाचता येईना. शेजाऱ्याला येईना. शेवटी गावच्या शाळेचे मास्तर आणले. मास्तर जरा तोल सांभाळतच आले. वाचायला लागले, आणि मध्येच थांबले.

"काय लिहिलंय?" सासरा घाबरला. "वाईट आहे का काही?"

मास्तरांनी डोळे पुसले. गोमाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हा कागद कुठं मिळतो?"

तोवर गोमाची बायको आतून बाहेर आली. कागदाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. "तोंड उघडा," म्हणाली. जवळ येऊन वास घेतला. मग आत गेली आणि गाठोडं घेऊन आली.

मास्तर त्यांच्याबरोबरच ठाण्याला आले.

*

एकदा जिल्ह्याचे गोरे साहेब तपासणीला आले. सकाळची वेळ, पण साहेबांच्या अंगाला ब्रँडीचा घमघमाट. बाकड्यावर पाच-सहा धडधाकट माणसं बसलेली बघून साहेब तडकले, "हा लोकला काय रोग हाय?"

डॉक्टर म्हणाले, "साहेब, हे बरे झालेत."

"बरा झाला, तर घरी का नाही जात?"

हवालदारांनी उठून सॅल्यूट ठोकला. "घरी बसलो तर आजारी पडतो, साहेब!"

साहेबांना हे पटेना. ते वाकून प्रत्येकाचा चेहरा बघत पोशापर्यंत आले. पोशानं नाक वर करून एकदा वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला. चेहऱ्यावर एकदम माया दाटून आली. तो बाजूला सरकला, उपरण्यानं बाकडं पुसलं आणि म्हणाला, "बसा, सायब. पयले आठ दिस तरास व्हतो, मंग नय."

डॉक्टरांनी ते इंग्रजीत सांगितलं नाही! पण जाताना साहेबांनी शेरा काय लिहिला ठाऊक आहे? 'बाकडे अपुरे आहे. आणखी एक द्यावे.'

*

आता हा शेवटचा. पोशाच्या मुलीचं लग्न ठरलं. तीच मुलगी, जी बापाच्या होडीत बसायला घाबरायची. पोशाला दारू सोडून दीड वर्ष झालं होतं. आमंत्रण द्यायला बाप-लेक होडीनंच आले, वल्हं तिच्या हातात!

आम्ही सगळे गेलो. डॉक्टर, हवालदार, शेट, गोमा आणि त्याची बायको, मास्तरसुद्धा. वाजंत्री, हळद, कोलंबीचा वास, नुसती धमाल. पण सकाळी देवाच्या पूजेला एक पेच आला. त्यांच्या घरी रीत अशी, की मुलीच्या बापानं देवापुढं दारूची धार सोडायची, आणि उरलेली प्रसाद म्हणून स्वतः घ्यायची. भावकीतली म्हातारी आजी बाटली घेऊनच बसलेली. "देवाचं हाय. देवाला नय बोलू नये," ती म्हणाली.

बाटली पोशाच्या हातात आली. वाजंत्री थांबली. हिरूबाईनं मुलीचा हात घट्ट धरला. डॉक्टर तपकिरीसाठी खिसा चाचपायला लागले. मी बघितलं, पोशाचा हात थरथरत होता. दीड वर्षानं पहिल्यांदा.

पोशानं बूच काढलं. वास आला असणार त्याला. त्यानं डोळे मिटले. मग वाकून देवापुढं धार धरली, आणि धरली ती धरलीच. धार थांबेचना. अर्धी बाटली गेली, पाऊण गेली.

म्हातारी ओरडली, "अरं पोशा, तुजा वाटा तरी ठेव!"

"माजा वाटापन त्यालाच," पोशा म्हणाला, आणि बाटली उपडी केली.

"अरं मेल्या, सगली ओतलीस? देव झिंगंल ना!"

पोशानं रिकामी बाटली खाली ठेवली, डोळे पुसले आणि देवाकडे बघून म्हणाला, "झिंगू दे. सकाली दवाखान्यान घेऊन येतो त्याला."