रुमालाचा गळ

सौंसरला नागपूरची बस लागताच एका गृहस्थाने खिडकीतून रुमाल फेकून जागा धरली. नेम अचूक! मनगट सरावलेलं होतं. बागेतली संत्री तोडून झाली की हा गृहस्थ दरवर्षी हिमालयातल्या नद्यांवर गळ टाकायला जातो, असं त्यानेच सांगितलं.

लोधीखेडा येईस्तोवर त्याने शेजारी उभ्या असलेल्या मला आणि एका म्हातारीला मोबाइलवर मासेच मासे दाखवले. प्रत्येक फोटोत मासा ओंजळीत, तान्ह्या बाळासारखा.

“आपण खात नाही, मावशी. पकडाचा, फोटो काढाचा अन् सोडून द्याचा. धरून ठेवणं मले जमतच नाही.”

म्हातारीने दांड्यावरचा हात बदलला. “मंग हे शीट बी सोड ना, बापू. गुडघे दुखून राहिले माह्ये.”

त्याने मोबाइल खिशात घातला आणि खिडकीबाहेरच्या कपाशीत तो हिमालय शोधू लागला.