कोण राहते इथं?

नागपूरच्या इतवारीत लोखंडाच्या दुकानावरची ती खोली मी मिळवली होती. आजही कोणी वेगळं सांगितलं, तर माझं भांडण आहे.

आमची कोष्ट्यांची विणकर संस्था नोंदवायची होती. नोंदणी झाली की सूत थेट मिळणार, दलालाचं तोंड पाहावं लागणार नाही. पण अट अशी की संस्थेला कार्यालय हवं. कोणाचं राहतं घर चालणार नाही. एकट्यानं भाडं झेपेना, म्हणून शुद्ध मराठीचं एक मंडळ आणि बायांचा शिवणवर्ग सोबत घेतला.

घरमालक म्हणाला, "काहून गा, तीन संस्था म्हंजे तिप्पट भाडं."

"खुर्ची एकच हाये शेटजी. बसणार एका वेळी एक. मंग?"

तीन दिवस त्याच्या पायरीवर बसलो आणि एकाच्याच भाड्यात खोली घेतली. दाराला खिळाही एकच होता. ज्याची वेळ, त्यानं आपली पाटी टांगायची.

वेळा ठरवायला बसलो, तेव्हा भाषा मंडळाचे सचिव, एक निवृत्त मास्तर, चष्मा पुसत म्हणाले, "सकाळ भगिनींना. सायंकाळ आम्हांस, कारण व्याख्याने असतात. आपण दुपार घ्यावी." नागपूरची दुपार, वर टिनाचं छप्पर! खोली मिळवणारा मी, आणि भाजणाराही मीच. वर मास्तर माझ्या प्रत्येक वाक्यात चूक काढायचे.

नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि साहेब पुण्याकडचे येऊ लागले. असाच एक तरुण साहेब नोंदणीसाठी आमची जागा तपासायला दुपारी आला. पाटी आमचीच होती. मी पाणी आणायला खाली गेलो. वर आमचे म्हातारे अध्यक्ष होते आणि मास्तर, जे आमच्या वेळेतही आपलं पुस्तकांचं कपाट सोडत नसत.

परत आलो तर साहेब विचारत होता, "इथे आपण काय करता?"

"सभासद जमवून राहिलो जी," अध्यक्ष म्हणाले.

"राहिलात? आणि हे गृहस्थ?"

"मास्तर? ते पुस्तकं लावून राहिले."

"ही शिवणाची यंत्रं?"

"बाया शिकून राहिल्या ना."

"म्हणजे सगळे इथेच राहिलात?"

"हो ना जी!" अध्यक्ष कौतुकानं हसले.

साहेबानं लिहिलं: राहती जागा, कार्यालय नाही.

मी तांब्या आपटला. "राहती कुठून आली? चूल दाखवा मले! खाट दाखवा!" मी जितका ओरडलो, तितका साहेब मला घरमालक समजू लागला. शेवटी मास्तरांकडे वळलो. "मास्तर, तुमच्या भाषेत सांगा याले."

मास्तर उठले, उपरणं सावरलं. "महोदय, आपला गैरसमज झाला आहे. 'करून राहिलो' म्हणजे 'करीत आहोत'. येथे निवासाचा प्रश्नच नाही."

साहेबाला पटेना. "पण ते स्वतः 'हो' म्हणाले."

मास्तरांचे कान लाल झाले. "अहो, मी केव्हाचा तुम्हाले समजावून राहिलो ना!"

साहेबानं एकदा मास्तरांकडे पाहिलं, चूल-खाट नसलेली रिकामी जमीन पाहिली आणि हसू आवरत ओळ खोडली. वर 'कार्यालय योग्य' असं लिहिलं. आमची नोंदणी झाली.

तो जिना उतरल्यावर मी मास्तरांजवळ जाऊन बसलो.

"मास्तर, आज संध्याकाळी तुमचे शुद्ध सभासद येतील. काय झालं ते सांगू का त्याहिले?"

"आपल्याला काय हवे?"

"संध्याकाळ."

मास्तर चष्मा पुसू लागले. "सोमवार आणि गुरुवार."

"शनिवार बी."

शनिवारही मिळाला.

तिन्ही संस्थांच्या पुढच्या बैठकीत मास्तरांनी वहीत स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'भाषा मंडळाने उदार अंतःकरणाने तीन सायंकाळी विणकर बंधूंस दिल्या.' उदार अंतःकरणाने! इतकी वर्षं झाली, तरी ती ओळ आठवली की माझं डोकं तापून राहते.