धूर कुणाच्या वाट्याला

आमचे दादा विद्यापीठात पर्यावरणीय न्याय शिकवतात. वीज श्रीमंताच्या घरी आणि धूर गरिबाच्या नाकात का जातो, यावर त्यांनी हयात घालवली. घरात एखादा दिवा चुकून चालू राहिला, तरी आम्हाला तासभर व्याख्यान.

विभागासाठी डिझेलचा जनरेटर आला. तो कुठे बसवायचा हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष अर्थातच दादा. ग्रंथालयाजवळ नको, वाचणाऱ्यांना त्रास होईल. दादांच्या खोलीखाली तर नकोच नको, तिथे न्यायाचं काम चालतं! शेवटी तो एकमताने पहारेकऱ्याच्या खोलीमागे बसला. पहारेकरी समितीत नव्हता, त्यामुळे विरोधाचा प्रश्नच आला नाही.

वर्षभरात पहारेकऱ्याची बायको खोकून खोकून बेजार झाली. ते ऐकून दादांचा जीव कळवळला. माणूस मुळात हळवा हो! त्यांनी तडक तिच्या खोकल्यावर शोधनिबंध लिहिला. त्याला पुरस्कारही मिळाला.

सत्कार आटोपून घरी आल्यावर वहिनीनं हार खुंटीला अडकवत विचारलं, "अहो, आता तरी तो जनरेटर हलवाल ना?"

दादा दचकलेच. "वेडी आहेस का? अभ्यासाचा दुसरा टप्पा मंजूर झालाय!"