नापास चाचणीची ओळ

बोईसरला आम्हा दोघांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. मी सालवडला वाढलेली, वडील कारखान्यात. भागीदार दातिवऱ्याचा, मला ताई म्हणणारा. शूटिंग मी करायची. एडिटिंग आणि हार्ड डिस्क त्याच्या ताब्यात.

चिंचणीच्या एका लग्नाचा व्हिडिओ द्यायचा होता आणि डिस्क मधेच अडकायला लागली. कॅमेऱ्याची कार्डं केव्हाच पुसून झाली होती. नवरीचे वडील लग्नानंतर थोड्याच दिवसांत वारले होते. ते चालताना-बोलताना दिसणार ते फक्त त्या डिस्कवर. भागीदाराला विचारलं तर म्हणाला, "डिस्क चांगली हाय, ताई. केबल ढिली असेल." बोलताना माझ्याकडे बघेना. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तो जेवायला गेल्यावर मी डिस्कची नोंद उघडली. डिस्क स्वतःची चाचणी घेते तेव्हा निकालही स्वतःतच लिहून ठेवते. ताजा सगळ्यात वर, जुने खाली. तारीख नसते, त्या चाचणीपर्यंत डिस्क एकूण किती तास चालली होती तो आकडा असतो. वर डिस्कचा थोडाच भाग तपासणाऱ्या छोट्या चाचण्यांची रांग, सगळ्या पास. तळाशी मात्र एक मोठी, सबंध डिस्क वाचणारी चाचणी. ती नापास, आणि शेजारी वाचता न आलेल्या पहिल्या जागेचा आकडा.

या नोंदीत ठरावीक ओळीच मावतात. नवी आली की सगळ्यात जुनी पुसली जाते. अजून थोड्या छोट्या चाचण्या झाल्या असत्या तर ती ओळ गेलीच असती. म्हणजे हा मुद्दाम करत होता की काय?

तो आल्यावर मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "या चाचण्या तूच लावल्यास ना?"

तो खुर्ची ओढून बसला. "मोठी नापास झाली. घाबरून छोटी लावली, ती पास झाली. मग रोज लावत गेलो. वाटलं, सुधारली."

"की ती ओळ घालवायची होती?"

"ओळ जाते हे मला ठाऊकच नाय, ताई!"

नवी डिस्क आणली आणि खराब जागा वगळत जेवढं निघेल तेवढं उतरवून घेतलं. मांडवात वडील नवरीच्या कानाशी काही सांगताहेत, ते मिळालं. पाठवणीचं शूटिंग मात्र गेलं. चिंचणीला तो स्वतः जाऊन सगळं सांगून आला. तरी संध्याकाळी मी नवरीच्या आईला फोन केलाच, त्याने नेमकं काय सांगितलं ते विचारायला. त्याने खरं तेच सांगितलं होतं.

भागीदारी अजून आहे. मोठी चाचणी आता मी लावते. ती लावली की तो चहाला म्हणून उठतो, आणि हा आत्ताच का उठला, असं मला दरवेळी वाटतं.