थोरल्या सुनेचा संताप

रेडिओवरची रोजची कौटुंबिक मालिका ताई लिहायची. ऐकणाऱ्यांना तिचं नाव ठाऊक नव्हतं, पण मालिकेतली थोरली सून घराघरात सख्ख्या बहिणीसारखी झाली होती. ताई लिहायला बसायची ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, कारण तिथून अण्णांची खाट दिसायची. अण्णा म्हणजे तिचे वडील. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. जीभ मात्र शाबूत, उलट पूर्वीपेक्षा धारदार. एक संवाद लिहायचा, उठून त्यांची कूस बदलायची, परत येऊन मघाचा संवाद कोणाच्या तोंडचा होता ते आठवत बसायचं, असा तिचा दिवस जायचा.

तिचा धाकटा भाऊ कादंबऱ्या लिहायचा, म्हणून घरातला खरा लेखक तो. अण्णाही तसंच मानत. लिखाणात व्यत्यय नको म्हणून त्याने लग्न केलं नव्हतं. दरवर्षी तो डोंगरात नाहीतर समुद्रकाठी जायचा, ताजातवाना होऊन यायचा, अण्णांच्या खाटेशी घटकाभर बसून तिकडच्या गमती सांगायचा आणि ताईच्या हातचा चहा पिऊन निघून जायचा.

एके दिवशी मालिकेच्या निर्मातीने ताईला बोलावून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, की हल्ली मालिका शिळी वाटते. पात्रं ओट्यापासून दारापर्यंत जातात आणि परत येतात. ताईला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. घरी येते तर वर्तमानपत्रात धाकट्याची मुलाखत, आणि ती वाचून दाखव म्हणून अण्णांचा हट्ट. ती वाचू लागली. प्रवास केला नाही तर लेखकाचं मन गंजतं, असं त्याने सांगितलं होतं. घरात कोंडून घेणाऱ्यांच्या लिखाणाला कोंदट वास येतो. बाहेर पडायला धाडस लागतं.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पेपर मिटला.

"थांबलीस का? पुढे वाच," अण्णा म्हणाले.

"पुढचं मी बघूनच येते."

सकाळी तिने गाडी मागवली, शेजाऱ्यांना हाताशी घेऊन अण्णांना त्यात बसवलं आणि औषधं, चादरी, भांडं अशा लवाजम्यासह धाकट्याच्या दारात उतरवलं. तो कादंबरीच्या ऐन मध्यावर होता. निदान आधी कळवायचं तरी, असं तो कुरकुरला.

"तू जाताना कधी कळवलंस?" एवढं विचारून ती निघाली.

समुद्रकाठच्या एका गावी ती पोचली तेव्हा हंगाम संपला होता. लॉजची गादी दमट, खिडकी उघडली की समोर भिंत. समुद्राकडे बघून मन शांत होतं म्हणे. तिचं काही केल्या होईना. अण्णांच्या गोळीच्या वेळेला आपोआप जाग यायची आणि मग ती स्वतःवरच चिडायची. कागद कोरेच. फिरून लिहायला सुचतं हेही धाकट्याचं थोतांड असणार, असं म्हणत तिने बॅग भरायला घेतली, ती तशीच टाकून धक्क्यावर गेली आणि समोर उभ्या असलेल्या फेरीबोटीत चढली.

बोटीत दोन म्हाताऱ्या बहिणी भांडत होत्या. चारचौघांत, बिनदिक्कत. त्यातली एक म्हणाली, "तू आईला फुलं घेऊन यायचीस. मी तिच्या चादरी धुवायचे. आई गुण गायची ते तुझे." पैलतीर आला तरी पहिलीचा पट्टा चालूच होता.

ताई उतरायचं विसरली. इतकी वर्षं तिची थोरली सून कधी एका शब्दानेही चिडली नव्हती. काहीही होवो, डोळे पुसून कामाला लागायची. तिला राग गिळायला शिकवणारी ताईशिवाय दुसरी कोण होती? तिकीटवाल्याने परतीचे पैसे मागितले, ते देऊन ताईने पेन उघडलं. दिवसभर ती या काठावरून त्या काठावर जात लिहीत राहिली. हिंदकळून अक्षर वेडंवाकडं होत होतं. मालिकेतल्या सुनेने भरल्या ताटांसमोर सगळ्यांना सुनावलं आणि घर सोडलं.

परत आली तर धाकट्याच्या घरी खुर्च्यांवर ओल्या चादरी, त्याची दाढी वाढलेली, आणि अण्णांच्या टाचेला जखम. कूस वेळेवर बदलली नव्हती. ताई त्याला वाट्टेल ते बोलली, आणि बोलताना आपण गेलो म्हणून हे झालं ही टोचणीही आत होतीच.

तो मटकन बसला. "एक ओळ लिहून झाली नाही गं ताई."

हे ऐकून गार वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. जखम भरेपर्यंत ती तिथेच राहिली, त्याला कूस कशी बदलायची ते दाखवलं, आणि यापुढे अण्णा आळीपाळीने दोघांकडे राहतील असं सांगितलं. धाकटा अण्णांकडे बघू लागला.

"माझ्याकडे काय बघतोस?" अण्णा म्हणाले. "तू धाडस केलंस ते हिच्या जिवावर. माझ्याही ते उशिरा डोक्यात आलं."

इतकी वर्षं कुठे होतं हे डोकं, एवढंच ताईच्या मनात आलं.

सुनेने घर सोडलेलं ऐकून निर्माती धास्तावली. लोक भडकतील म्हणाली. भडकू देत, ताई म्हणाली, नाहीतर दुसरी लेखिका बघा. भाग गेला आणि लोक खरंच भडकले. पण रेडिओ कोणी बंद केला नाही. सून परत कधी येणार, असं निर्माती रोज विचारू लागली. ते ताईलाही ठाऊक नव्हतं. अण्णांची धाकट्याकडे जायची पाळी आली, तशी ती एका नव्याच गावाच्या बसमध्ये चढली. राग होता तसाच होता. तिने खिडकी उघडली आणि सुनेला पुढच्या मुक्कामाला पाठवलं.