लग्नाच्या दिवशीची मोजणी

माझं काम मेलेली कासवं मोजण्याचं आहे. हे ऐकल्यावर लोक आधी हसतात, मग विचारतात, "आणि याचा पगार मिळतो?" मिळतो. चेन्नईच्या दक्षिणेला, नीलांकरैच्या पुढच्या किनाऱ्यावर, पोंगलच्या आगेमागे समुद्री कासवं अंडी घालायला येतात आणि ट्रॉलरच्या जाळ्यात अडकतात. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं, आणि जाळं येऊ देत नाही. मग ती बुडून मरतात आणि लाटांबरोबर वाळूत येऊन पडतात. उजाडताना चालत निघायचं, दिसेल त्या कासवाच्या पाठीला मापाची फीत लावायची, नर की मादी ते शेपटीवरून ठरवायचं आणि पाठीवर पिवळा पट्टा ओढायचा, म्हणजे उद्या तेच पुन्हा मोजलं जात नाही. मोसमात खाडा चालत नाही. एक दिवस चुकला की समुद्र त्या दिवशीची कासवं परत नेतो, आणि ती कधी मेलीच नव्हती असं होऊन बसतं.

आम्ही तंजावरचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच, त्यामुळे घरातली भाषा जुनी आणि निम्मी तमिळ. हे लिहितेय तसलं मराठी मी पुण्यात शिकायला होते तेव्हा उचललं. मासळी आमच्या घरात सोडाच, बोलण्यातही येत नाही. आईने माझ्या नोकरीला कधी नाही म्हटलं नाही, पण तिच्या लेखी मी रोज सकाळी मसणात जाऊन येते. मागच्या दाराशी नळ आहे. आधी तिथे अंगावर पाणी, कपडे बादलीत, मग घरात पाऊल. वाद घालून मी केव्हाच थकले. शिवाय ज्या वासाने मी परतते, त्याला तिचं सोवळंच बरं.

भावाचं लग्न तै महिन्यात ठरलं. मार्गळी संपून तै लागला की इकडे लग्नांचे मुहूर्त सुरू होतात, आणि नेमकी तेव्हाच माझी कासवंही. माझ्याबरोबर चालणारी मुलगी पोंगलला गावी गेली ती तिकडेच आजारी पडली. म्हणजे लग्नाच्या सकाळी मोजायला मीच. आईला हे मी कपड्यांच्या घड्या घालता घालता, अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलं.

"ताळीची गाठ मारणारे हात त्या दिवशी मढ्याला लागाचे नाहीं," ती म्हणाली.

आमच्याकडे तमिळांसारखंच आहे. ताळीची, म्हणजे मंगळसूत्राची, पहिली गाठ नवरा मुलगा मारतो, उरलेल्या त्याची बहीण. बहीण मी एकटीच. मी म्हटलं, हातमोजे असतात. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा घड्या घालायला लागले.

"मी जातों," अप्पा म्हणाले.

अप्पा म्हणजे माझे वडील, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. अधूनमधून फिरायला म्हणून माझ्याबरोबर यायचे आणि नाकाला रुमाल लावून वाऱ्याच्या बाजूला उभे राहायचे. "मुहूर्त नवानंतर," ते आईला म्हणाले. "तोपर्यंत मला काय काम तिथे? सगळे मलाच विचारतात, मला काहीं ठाऊक नसतं." आईला हे पटलं असावं. लग्नाच्या मंडपमच्या मागच्या नळावर आंघोळ करून मगच आत यायचं, एवढं तिने कबूल करून घेतलं. मी घरातल्या लोडावर फीत लावून त्यांना माप कसं घ्यायचं ते शिकवलं. नवऱ्या मुलाचा बाप लग्नाच्या आदल्या दिवशी लोडाची शेपटी शोधतोय, हे पाहून भावाची हसून पुरेवाट झाली.

मेलेल्या कासवाबद्दल मी त्यांना सगळं सांगितलं. जिवंत कासवाबद्दल काही नाही. इतक्या मोसमांत मला त्या पट्ट्यात जिवंत असं एकही सापडलं नव्हतं.

सकाळी ते रिक्षाने गेले. त्यांचा फोन मंडपमच्या खोलीत चार्जिंगला तसाच राहिला. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. नादस्वरम जोरात सुरू होतं. गुरुजी वडिलांना बोलवा म्हणू लागले, मग काका बसले तरी चालेल म्हणाले. आई "थांबा" एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. मी मात्र घाबरले होते. कितीही कासवं असली तरी एवढा वेळ लागत नाही, हे त्या मंडपात मला एकटीलाच माहीत होतं. मी चपला शोधायला उठले तर आईने माझं मनगट धरलं.

अप्पा स्वयंपाकघराच्या बाजूने आत आले. केस ओले, कमरेची वेष्टी चुकीची गुंडाळलेली, पोटऱ्यांना वाळू. कुणाकडेही न बघता ते जागेवर जाऊन बसले. मुहूर्त संपायला थोडाच अवकाश होता. भावाने ताळी बांधली, पुढच्या गाठी मी मारल्या. मला अप्पांचा भयंकर राग आला होता.

घरच्यांची पंगत शेवटी बसते. केळीच्या पानावर पायसम वाढून झालं तेव्हा मी त्यांना हळूच विचारलं, "किती?"

"सात," ते म्हणाले. "आणिक एक."

"एक म्हणजे?"

"रंग लावाला गेलों. ते डोळा उघडलं."

त्यांनी ते सगळं खाली पानाकडे बघत सांगितलं. आधी त्यांना भास वाटला. मग कासवाने श्वास घेतला. कुत्री जवळ येत होती, त्यांना हाकलत ते बसून राहिले. किनाऱ्याला लागलेल्या मासेमारांना विनवून त्याला नावेच्या सावलीत ओढलं. उपरणं समुद्रात भिजवून त्याच्या पाठीवर घातलं, वाळलं की पुन्हा भिजवलं. काय करायचं असतं ते ठाऊक नव्हतं, म्हणून ताप आलेल्या माणसाचं करतात ते केलं. इथे येऊन ताळीच्या आधी असलं काही बोलणं त्यांना बरं वाटलं नाही, आणि नंतर कुणी विचारलं नाही.

पलीकडच्या पानावर आई बसली होती. सकाळपासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"मग गेलं कीं ते?" तिने विचारलं.

"नाहीं. मुहूर्त होता. मी आलों."

"आतां कोण आहे त्याच्यापाशी?"

आईने हातातला घास पानावर परत ठेवला. पंक्तीतून मध्येच उठायचं नसतं, त्यातून नवऱ्या मुलाच्या आईने तर नाहीच. ती उठली. हात धुऊन आली आणि मला म्हणाली, "तुझं कामच ना ते? चल."

रिक्षात आम्ही तिघे रेशमी कपड्यांत दाटीवाटीने बसलो होतो. वाटेत मी जखमी कासवांवर उपचार करणाऱ्या सेंटरला फोन लावला. गाडी लांबच्या किनाऱ्यावर गेली होती, परतताना येईल म्हणाले.

कासव मादी होतं. नाव अजून तिथेच होती, सावली मात्र सरकून गेली होती. उपरणं कडक वाळलं होतं. मी तिचा मागचा भाग वाळूच्या ढिगावर उचलून ठेवला, म्हणजे छातीतलं पाणी उतरतं. अप्पा प्लास्टिकच्या बाटलीतून पाणी आणत राहिले. आई आधी उभी होती. मग नऊवारीसकट वाळूत बसली आणि पदर मादीच्या डोक्यावर उन्हाआड धरला.

मादी दिवस कलेपर्यंत जगली. रिसेप्शन त्याच वेळी सुरू व्हायचं होतं. ते आमच्याशिवाय सुरू झालं.