बंदुकीच्या लाकडाचं लाटणं

फोन आला तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं. शुक्रवारची सकाळ, दुबईजवळच्या रोल्लातल्या आमच्या फ्लॅटचा तो चिमुकला ओटा, तव्यावर पोळी. पलीकडून माझी भावजय सुमन बोलत होती, गावाहून. "ताई, तुमचा रघू गेला हो..." म्हणाली आणि रडत रडत पुढचं सांगितलं. सकाळी गोठ्याकडे निघाला, पायरीवर बसला, उठलाच नाही. मी फोन ठेवला. पोळी करपल्याचा वास आला तेव्हा आमचे हे आत आले आणि त्यांनी माझ्या हातातून लाटणं काढून घेतलं. निघत नव्हतं म्हणे, इतकं घट्ट धरलं होतं मी.

मी काही लेखिका नाही. सातवीपर्यंत शाळा, पुढचं सगळं वाचून-ऐकून. पण माझ्या धाकट्या भावाबद्दल लिहिल्याशिवाय मला आता झोप यायची नाही, आणि लिहायचं तर खरं लिहायला हवं. तर रघू बंदुकांच्या दुकानात होता. दुबईला, देऱ्यात. शिकारीचं सामान विकणारं दुकान, मालक अरब. तंबू, चाकू, दुर्बिणी, आणि आतल्या काचेच्या कपाटात परवान्यावर मिळणाऱ्या रायफली. कोकणातल्या पोराला हे काम मिळालंच कसं, असं कुणी विचारेल. आमच्या बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरं भाताची नासधूस करायची म्हणून. तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, एकदा तडकला. चौदा वर्षांच्या रघूनं सुताराकडे बसून नवा केला. तेव्हापासून त्याचे हात त्या कामाला बसले. आमच्या ह्यांनी ब्याण्णवच्या सुमारास त्याला व्हिसा काढून आणलं ते एका गोदामातल्या कामावर. तिथून तो आपला आपणच फिरत फिरत त्या दुकानात पोचला.

आणि मला त्याची लाज वाटायची. झालं, लिहिलं.

दुबईत ऊद मेथाला हळदीकुंकू असायचं. सगळ्या शिकलेल्या बायका, कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा इंजिनियर. तिथं कुणी विचारलं, "तुमचा भाऊ कुठे असतो हो?" की मी म्हणायची, "स्पोर्ट्सच्या दुकानात." त्या म्हणायच्या, "म्हणजे क्रिकेटचं सामान का?" मी म्हणायची, "हो हो, तसलंच." एकदा एकीनं मुलासाठी बॅट सांगितली, भावाकडून डिस्काउंटमध्ये मिळेल म्हणून. मी रघूला फोनवर चाचरत सांगितलं. तो इतका हसला! "ताई, आमच्या दुकानातली बॅट घेऊन पोरगा आऊट नाही व्हायचा, समोरचा बोलरच आऊट होईल." पुढच्या शुक्रवारी जेवायला आला तेव्हा काखेत बॅट होती. रोल्लाच्या बाजारातून पूर्ण किमतीला घेतलेली. "तिला सांग, भावानं तीस टक्के कमी केले," म्हणाला आणि वरण वाढ म्हणून ताट पुढे केलं. मी वाढलं. काय वाटलं मला तेव्हा? खरं सांगते, हायसं वाटलं.

त्याच्या दुकानात मी एकदाच गेले. उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला होता, पोळ्या लाटून लाटून दुखणं लागलं होतं. डॉक्टरकडून निघाले, दुकान वाटेत होतं, म्हटलं डबा देऊन जाऊ. आत एक म्हातारा अरब बसला होता, सत्तरीचा असेल, शेजारच्या खुर्चीत त्याची जुनी रायफल. तिचा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता मधोमध चिरला होता. मुलांबरोबर परदेशात डोंगरात शिकारीला जायचं होतं त्याला, त्यासाठी नवी रायफल हवी होती. हलकी, आणि खिशाला परवडणारी. नजर मात्र कपाटातल्या सगळ्यात महागड्या, नक्षीच्या रायफलीवर खिळली होती. अरबाब, म्हणजे मालक, गल्ल्यावरून खुणावत होता की तीच काढ. रघूनं ती काढून दिली आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबा, ये लेके दुकान में दस चक्कर मारो. फिर बात करेंगे." ह्या जुन्या अरबांना हिंदी चांगलं येतं. म्हाताऱ्यानं सहा चकरा मारल्या आणि घाम पुसत बसला.

मग रघूनं एक साधी, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची रायफल आणली. दाराच्या कडीसारखा तिचा बोल्ट. वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे सारून खाली पाडायचा, दरवेळी एकच गोळी. तीन किलोच्या आतली होती. म्हाताऱ्याला म्हणाला, डोळे मीट, खांद्याला लाव, आता उघड. नळीच्या टोकाशी नजर सरळ गेली तर ती तुझ्या मापाची. मान वाकवावी लागली तर नाही. पहिल्यांदा मान वाकली. रघूनं आत नेऊन दस्त्याच्या मागच्या चकत्या काढून तो आखूड केला, परत दिली. असं तीनदा. मी टिफिन मांडीवर घेऊन बघतच राहिले. आमच्या गावचा शिंपी नाही का एका बाहीसाठी दहा वेळा टाचण्या लावायचा, तसं. मधेच माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "हलकी बंदूक खांद्याला जोरात धक्का देते गं ताई. म्हणून ह्याला गोळी मध्यम घ्यायला सांगतोय. आणि दुर्बीण स्वस्तातली. उरलेल्या पैशात गोळ्या घेऊन सराव करू दे." अडीच हजार दिरहमची होती, तेव्हाचे आपले सत्तावीस हजार म्हणजे. नक्षीवाली चौपट होती.

म्हातारा मात्र प्लास्टिकवर बोट फिरवत नाक मुरडत होता. मुलं हसतील म्हणाला, गरिबाची दिसते. रघू शांतपणे म्हणाला, "बाबा, पहाड़ का बकरा पूछेगा क्या, लकड़ी कौन सी है?" म्हातारा असा खदखदून हसला की अरबाबसुद्धा हसला. "यल्ला, चलो, पॅक करो!" मीही हसले. लोक हसतील म्हणून जड ओझं खांद्यावर वाहणारी मीच तिथं बसले होते, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

निघताना म्हाताऱ्यानं जुनी रायफल दुकानाच्या हवाली केली. रघूनं विचारलं, तेवढा चिरलेला दस्ता मी घेऊ? "ले लो हबीबी, खलास." मग रघूनं माझा हात हातात घेतला, तळव्याला टेप लावली, मूठ मिटायला लावली, पट्टा बांधलेलं मनगट दोन्हीकडे वळवून बघितलं. "काय रे, मलापण बंदूक देतोस का?" मी म्हटलं. "तुला कशाला बंदूक, तुझी जीभ आहे की," म्हणाला. तीन आठवड्यांनी लाटणं आणून दिलं. दस्त्याच्या धड राहिलेल्या भागातून कानशीनं आणि पॉलिशपेपरनं घासून काढलेलं, जवसाचं तेल पाजलेलं. नेहमीपेक्षा आखूड, मधे जरासं फुगीर, टोकं माझ्या मुठीत बरोबर मावतील अशी. ओट्याशी उभा राहून म्हणाला, "डोळे मिटून धर. आता लाट." मनगट दुखलं नाही. आजतागायत दुखलेलं नाही.

आता तो शुक्रवार सांगते.

आमची मुलगी श्रुती, तिला स्थळ आलं. मुलाची आई शिक्षिका, वडील इथेच मोठ्या कंपनीत, मूळ घर पुण्याचं, कट्टर शाकाहारी. मुंगी चिरडली तरी हळहळणारी माणसं. शुक्रवारी चहाला येणार होती. आणि शुक्रवारी रघू जेवायला यायचा, एकही शुक्रवार चुकवायचा नाही. मी फोन केला. "या शुक्रवारी येऊ नको रे, घरात रंगकाम काढलंय." एवढंच. वाटलं, मिटलं.

पाहुणे सोफ्यावर बसलेले, श्रुती आत साडी नीट करत होती आणि बेल वाजली. दार उघडलं तर रघू. जुनी पँट, डोक्याला फडकं, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात रोलर. बहिणीच्या घरी रंगकाम आहे म्हटल्यावर तो घरी थोडाच बसणार होता! त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या खांद्यावरून आत सोफ्याकडे बघितलं. आतून होणाऱ्या विहीणबाईंनी विचारलं, "कोण आलंय?" आणि मी म्हणाले, "काही नाही, रंगवाला आहे."

रंगवाला... माझ्या आईच्या पोटचा भाऊ. आमचे हे मान खाली घालून चहात साखर ढवळत राहिले, साखर नव्हती तरी.

रघू आत आला. दोन पावलं फक्त. सोफ्यासमोरच्या भिंतीवर बोटानं टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "वहिनी, या भिंतीला ओल आहे. आधी सुकू द्या. मी नंतर येतो." वहिनी म्हणाला मला. आयुष्यात ताई सोडून दुसरी हाक मारली नव्हती त्यानं. पाहुण्यांना नमस्कार केला, रोलर दाराला लागू नये म्हणून अंगाशी धरला आणि गेला. श्रुती बाहेर आली, तिनं कुजबुजत विचारलं, "मम्मी, वॉज दॅट मामा?" मी म्हटलं, "नाही गं, रंगवाला."

स्थळ जमलं.

पुढच्या शुक्रवारी रघू आला तो रंगाचा डबा घेऊनच. फिकट पिवळा रंग, मला आवडतो तो. दुपारभर ती भिंत रंगवली. "ताई, तू म्हणाली होतीस ना रंग द्यायचाय," एवढंच बोलला, आणि तेही तोंडावर हसू ठेवून, टोमणा नाही. मी चहा केला, कांदाभजी तळली. तोंडापर्यंत शब्द आले होते. भजी कशी झाली, असं विचारलं मी.

लग्न पुण्याला, मे महिन्यात. आपल्यात मुलीला बोहल्यावर मामा आणतो, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मी रात्रंदिवस एकच विचार करत होते, रघू तिथं उभा राहिला की विहीणबाई ओळखणार. आणि मग एक दिवस त्याचाच फोन. "ताई, अरबाब रजा देत नाही म्हणतो. तू चुलतभावाला उभं कर." मे महिन्यात, अशा उन्हात, शिकारीच्या दुकानात कोण येतं? दुकानदार झोपा काढतात. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "बरं, काय करणार." आणि फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. या सगळ्यात मला जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या सुटल्यासारखं वाटण्याची.

श्रुतीला लहानपणी खांद्यावर बसवून कॉर्निशला समुद्र दाखवायला नेणारा मामा. तिनं मनाला लावून घेतलं. "ही चोज हिज गन्स ओव्हर माय वेडिंग," म्हणाली. नंतर तो फोन करायचा तर ती बिझी असायची. तो मला विचारायचा, "पोरगी रागावलीय का गं?" मी म्हणायची, "छे, कामात असते." दोन वर्षांनी नोकरी सोडून गावी गेला तेव्हा विमानतळावरसुद्धा ती आली नाही. काचेच्या दारातून आत जाईपर्यंत तो मागे वळून बघत होता. मी एका वाक्यात ते सगळं मिटवू शकले असते. रघूनं ते वाक्य कधी मागितलं नाही आणि मी ते दिलं नाही.

दहाव्याला गावी गेले. सुमननं विचारलं, "ताई, ते लाटणं आहे का हो अजून? हे नेहमी म्हणायचे, ताईच्या हाताला ते बसलं, एवढं एक काम माझं नीट झालं." मी मान हलवली.

परत आले आणि श्रुतीला घरी बोलावलं. त्या पिवळ्या भिंतीसमोर बसवून सगळं सांगितलं. रंगवाला, वहिनी, मे महिना, सगळं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. भिंतीकडे बघत म्हणाली, "सो ही वॉन्टेड टू कम?" मी म्हटलं, "त्यानं नवा कोट शिवून घेतला होता." ती उठून आत गेली, तोंड धुऊन आली. हे सगळं मी छापायला देणार आहे, हेही मी तिला सांगितलं. विहीणबाई पेपरची ही पुरवणी दर रविवारी वाचतात. वाचा, विहीणबाई. तुमच्या सुनेचा सख्खा मामा तुम्हाला नमस्कार करून गेला होता.

श्रुती निघाली तेव्हा मी लाटणं पुसून तिच्या हातात दिलं. म्हटलं, आता हे तुझ्याकडे राहू दे, मामाची आठवण. खरं तर मला ते नजरेसमोरून जायला हवं होतं, ही चलाखी तिच्या लक्षात आली की नाही देव जाणे. तिनं दोन्ही मुठीत धरलं, ओट्यावर एकदा फिरवून बघितलं. तिचे हात वडिलांवर गेलेत, लांब बोटांचे. मूठ टोकाबाहेर येत होती. तिनं लाटणं परत ओट्यावर ठेवलं.

"इट डझन्ट फिट मी, मम्मी," म्हणाली. "मामानं तुझ्या मापाचं केलंय. यू कीप इट."

दार लागलं. मी कणीक मळायला घेतली.